जुनी टू-स्ट्रोक घरी उभी करायची असेल तर गाडी दोनदा जोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: काकांची सत्तरच्या दशकातली एक सिलिंडरची टू-स्ट्रोक, ६ व्होल्टची, दहा-बारा वर्षं शेडमध्ये उभी. किक जाम, टाकी आतून गंजलेली, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. घरीच करायची आहे आणि पुढे कॅफे रेसर (खाली हँडल, छोटी सीट, मागे नेलेले फूटरेस्ट) लूक द्यायचाय. सुरुवात कुठून करू, आणि चेसिसला पावडर कोटिंग बरं का साधा रंग बरा?

रंगाचा प्रश्न आत्ता डोक्यातून काढून टाका. आधी रंग आणि मग इंजिन म्हणजे आधी वरात आणि मग लग्न. माझ्याकडे अर्धवट सोडलेल्या ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याचशा अशाच असतात बघा, चेसिस आरशासारखं चकचकीत, टाकीवर झकास पट्टे, आणि इंजिन पोत्यात. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात सगळी गाडी उघडायची, सुटे भाग रंगाला द्यायचे, आणि मग कळतं की कुठला बोल्ट कुठला तेच आठवत नाही, इंजिन माउंट नव्या रंगामुळे बसत नाही, आणि ते बसवताना पाना घसरून रंग उडतो तो वेगळाच.

म्हणून माझी पद्धत एकच, गाडी दोनदा जोडायची. पहिल्यांदा कुरूप, गंजकी, जशी आहे तशी, पण चालती. कॅफे रेसरचं जे काही करायचंय, हँडल, सीट, फूटरेस्ट, ते सगळं त्या कुरूप गाडीवरच बसवायचं, चालवून बघायचं, वेल्डिंग, भोकं, ब्रॅकेट सगळं उरकायचं. मग पुन्हा पूर्ण उघडायची, तेव्हा रंग, क्रोम, बफिंग, आणि दुसऱ्यांदा जोडायची. वेळ जास्त लागतो असं वाटतं पण उलट वाचतो.

आता किक जाम आहे त्यावर उभं राहून उड्या मारू नका, प्लीज. दोन शक्यता असतात, एक तर पिस्टन सिलिंडरला गंजून धरलाय किंवा किकचीच यंत्रणा अडकलीय. टॉप गिअर टाका, मागचं चाक हाताने मागेपुढे हलवून बघा, जरा तरी सैल वाटतंय का. नसेल तर प्लग काढा आणि प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं ऑइल सोडा. जुने लोक डिझेल टाकायचे, हल्ली बरेच जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं वापरतात, ते आपोआप वेगळं होतं म्हणून ओतायच्या आधी हलवून घ्यायचं, आणि अ‍ॅसिटोन पेट घेतं हे लक्षात ठेवायचं. मग गप्प बसायचं. चार दिवस, आठ दिवस, रोज थोडं ऑइल आणि चाक हलकेच मागेपुढे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली अडकला असेल तर हे सगळं ऑइल पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून) खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पेटीत) उतरतं, त्यामुळे सुटल्यावर ते काढून टाकल्याशिवाय आणि प्लग बाहेर ठेवल्याशिवाय किक मारायची नाही.

आणि पिस्टन सुटला म्हणून लगेच स्टार्ट करायला जाऊ नका हो. टू-स्ट्रोकचं हेड आणि ब्लॉक काढणं म्हणजे चार नटांचं काम आहे, तेवढं करून आत बघाच. सिलिंडरमध्ये जिथे रिंगा इतकी वर्षं टेकून होत्या तिथे गंजाचा एक गोल पट्टा दिसतो. नखाने ओढून बघा, नख अडकलं तर होनिंगने (आतून हलकं घासून) भागत नाही, बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागतो, साधारण ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरच्या टप्प्याने येतात. आधी पिस्टन हातात आणायचा आणि मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यायचं, उलटं नाही. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात, त्या हलक्या मारून घ्यायला सांगा, नाहीतर नवी रिंग त्या कडेला अडकून तुटते. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा, तिथे अजिबात खेळ नको. बाजूला थोडी हलते, ते चालतं.

आता ज्याच्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात ते म्हणजे क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हा पंप आहे, पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. इतकी वर्षं गाडी उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं आणि हवा सुटायला लागते. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन खाली येत नाही, आणि तसंच दामटलं तर पिस्टन सीज, म्हणजे तापून सिलिंडरला धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर तिथलं ऑइल ओढून पांढरा धूर, आणि ऑइल कुठे जातंय ते कळत नाही. लोक कार्बोरेटर बदलून बदलून थकतात आणि दोष असतो या दोन स्वस्त रबरांत. सील बदला आणि मग एक साधी टेस्ट करा: इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचाने बंद करायचे, प्लगच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावून हातपंपाने साधारण ६ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरायची (जास्त नको, नवे सीलच उलटतील) आणि काटा बघत बसायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी सगळीकडे लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. या टेस्टशिवाय मी कुठलीही टू-स्ट्रोक स्टार्ट करत नाही.

(गाडी फोर-स्ट्रोक असती तर मी व्हॉल्व्ह, टायमिंग चेन आणि ऑइल पंपाकडे आधी बघायला सांगितलं असतं. तुमचं काम त्या मानाने सोपं आहे, पण लीन मिश्रण तुमच्या इंजिनाला फार लवकर मारतं, कारण पिस्टनला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबरच.)

स्क्रूंबद्दल दोन शब्द. साइड कव्हरचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये धरलेले असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, तो हातोडीने ठोकायचा, ठोक्याबरोबरच तो फिरवतो. गाडी जपानी असेल तर स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस (जपानी मापाचे) असतात, त्याचाच बिट लावा. जुनी ब्रिटिश असेल तर मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि मग नटाचे कोपरे खातो, तिथे व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने लागतात. घट्ट असेल तिथे हीट गनने आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम गरम करा, ते लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि पकड सुटते. परत लावताना एम ६ चा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन मीटरच्या वर नेऊ नका. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाका, एम-सील भरून वेळ मारून नेऊ नका.

उघडताना फोटो काढा हे सगळे सांगतात, मी फक्त एवढंच सांगेन की उघडायच्या आधीचे फोटो जास्त कामाला येतात. केबल कुठून कुठे जाते, हॉर्नची वायर हेडस्टॉकच्या कुठल्या बाजूने वळते, वॉशर बोल्टच्या डोक्याखाली होता की नटाखाली. प्रत्येक जोडाची वेगळी पिशवी, त्यात चिठ्ठी. जुना भाग नवा आल्याशिवाय फेकायचा नाही आणि नवा आल्यावरही लगेच फेकायचा नाही, बाजारात मिळणारे पार्ट दिसायला तेच असतात पण भोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे.

टाकी. आधी पेट्रोल कॉक काढा, सगळं जुनं पेट्रोल बाहेर, वास जाईपर्यंत डिटर्जंटने धुवा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, त्यामुळे टाकीचं भोक घरी वेल्डिंगने बुजवायचा विचारसुद्धा नको. गंजासाठी सायट्रिक अ‍ॅसिड चांगलं, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात, एखादा दिवस ठेवून मधून मधून हलवायचं आणि आत टॉर्च मारून बघायचं. विसरून आठवडाभर ठेवलं तर ते पत्राही खायला लागतं. मग पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग परत पाणी, आणि इथे घाई करायची कारण उघडा पत्रा काही मिनिटांत परत तांबूस होतो, हेअर ड्रायरने किंवा ब्लोअरने लगेच वाळवून थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून घ्या. काही जण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढतात, तेही छान होतं, टाकीला निगेटिव्ह आणि लोखंडी सळईला पॉझिटिव्ह, सळई टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही. स्टेनलेस स्टीलची सळई अजिबात नको, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार निघतात. आणि हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा. टाकीला आतून लायनिंग मारायचं का, तर पत्रा पातळ होऊन बारीक भोकं पडली असतील तरच. गंजावरच मारलं की वर्षभरात त्याच्या पापड्या सुटतात आणि कॉकमध्ये येऊन बसतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर आणि कॉकमधलं बूच फुगवतं, त्यामुळे पेट्रोल पाइप आणि सील नव्या मटेरियलचे घ्या.

कार्बोरेटर उघडाल तेव्हा बाजूचे स्क्रू काढायच्या आधी ते आत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा, बहुतेकदा दीडच्या आसपास असतं. मग पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. हाच खरा गुन्हेगार. तो काढा आणि उजेडासमोर धरा, आरपार एक स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका चंद्रकोरीसारखा किंवा धूसर दिसला तर आत अजून जुन्या पेट्रोलचा डिंक आहे, परत भिजवा. सुई किंवा स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कधीच नीट आयडलिंग करत नाही. मऊ वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. ओ-रिंग कार्ब क्लीनरमध्ये टाकू नका, फुगतात.

सेटिंग करताना अ‍ॅक्सिलरेटर किती उघडा आहे त्यावरून दोष ओळखायचा. साधारण १/८ पर्यंत पायलट जेटचं राज्य, तिथून १/४ पर्यंत स्लाइडचा (कार्बोरेटरमधल्या वर-खाली होणाऱ्या झडपेचा) काप, १/४ ते ३/४ त्याच झडपेला लावलेली नीडल, आणि वर मेन जेट. अ‍ॅक्सिलरेटरवर मार्करने खुणा करा आणि गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते बघा, मग आंधळेपणाने जेट बदलायची गरज पडत नाही. हवेचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर लीन होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा स्क्रू, बाहेर फिरवल्यावर रिच (पेट्रोल जास्त). हा फरक माहीत नसल्यामुळे किती जण उलटं फिरवत बसतात.

पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते). गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. गॅप बहुतेक गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास. नवे पॉइंट लावताना त्यावर गंजू नये म्हणून लावलेला पातळ थर असतो तो पुसा, आणि फिलर गेजचं तेल लागलं असेल तर तेही, नाहीतर सगळं बरोबर असून स्पार्क नाही. टायमिंग तुमच्या गाडीला पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधी किती मिलिमीटर अशा मापात दिलेलं असेल, साधारण २-३ च्या घरात असतं पण आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. प्लगच्या भोकात डायल गेज, पॉइंटला छोटा बल्ब, आणि पॉइंट उघडतात तो क्षण पकडायचा. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाली की चालू होते, हे झालं तर कंडेन्सर आणि कॉइलवर पहिला संशय.

वायरिंग उंदरांनी खाल्लंय तर जोडाजोडी न करता नवंच करा, गाडी साधी आहे, एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. ६ व्होल्टमध्ये एक गोष्ट समजून घ्या: ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर जवळपास ३ अँपिअर घेतो, ६ वर जवळपास ६. करंट दुप्पट म्हणून वायर जाड हवी, आणि एखाद्या काळ्या पडलेल्या जोडात अर्धा व्होल्ट गेला तर १२ मध्ये जाणवत नाही, ६ मध्ये दिवा पिवळा पडतो. ६ व्होल्टच्या नावाने लोक जे बोटं मोडतात त्यातलं निम्मं पाप खराब अर्थिंगचं असतं. जुनी ब्रिटिश गाडी असेल तर बॅटरी लावण्याआधी पॉझिटिव्ह अर्थ आहे का बघा, उलटी लागली की रेक्टिफायर गेला.

आता कॅफे रेसर. पहिली अट, चेसिस कापू नका. सीटमागचा पाइप कापून गोल हूप लावायची फॅशन आहे, मला ती पटत नाही, निदान पहिल्या गाडीत तरी नाही. जुन्या काही चेसिस वेल्ड नसतात तर ब्रेझिंगने (पितळ वितळवून) लगमध्ये (पाइप धरणाऱ्या सांध्यांत) बसवलेल्या असतात, तिथे कुणीही वेल्डिंग मारलं तर जोड कमकुवत होतो. मूळ माउंटवरच बोल्टने बसेल अशी सीट करा, उद्या काका म्हणाले परत पहिल्यासारखी कर तर तासाभरात झाली पाहिजे. सीट बसवल्यावर मागच्या शॉकअपच्या स्प्रिंग काढा आणि चाक पूर्ण वर उचलून बघा, टायर सीटच्या पत्र्याला किंवा वायरिंगला लागतो का. उभ्या गाडीत चार बोटं जागा दिसते आणि खड्ड्यात गेल्यावर ती शून्य होते.

हँडल क्लिप-ऑन (फोर्कलाच पकडणारं, खालचं) लावलं की केबल लांब पडतात किंवा टाकीखाली चेपतात. इंजिन आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. कुठल्याही टोकाला रेस वाढली तर केबल ओढली जातेय, आणि तशी गाडी वळणावर स्वतःच अ‍ॅक्सिलरेटर देणार. अंगठा हँडल आणि टाकीच्या मध्ये सापडतो का तेही तेव्हाच बघा. पुढचे फोर्क वर ओढून गाडी पुढून खाली बसवायची हौस असते, थोडी ठीक, जास्त केली की ट्रेल (पुढचं चाक सरळ ठेवणारं अंतर) कमी होतो आणि वेगात हँडल थरथरायला लागतं.

सायलेन्सर मात्र कापू नका. फोर-स्ट्रोकमध्ये निदान फक्त आवाज वाढतो (आणि जेटिंग बिघडतं), टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टमधून परत येणारी दाबाची लाट बाहेर पळणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते, पाइपची लांबी आणि आकार त्यासाठीच असतो. तो बदलला की आवाज मोठा आणि गाडी मेलेली. उघडे कोन फिल्टरही तसंच, हवा वाढते, मिश्रण लीन होतं, मेन जेट वाढवल्याशिवाय लावलात तर पिस्टन हातात घेऊन बसाल. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळायची असेल तर तुमची मर्जी, पण ती पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप सडतो.

दिसण्यापेक्षा ब्रेकवर खर्च करा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रमला हवेचा फवारा मारायचा नाही, ओल्या कपड्याने पुसायचं आणि कपडा टाकून द्यायचा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा आर्म आणि रॉड किंवा केबल यांच्यात ९० अंशाचा कोन यायला हवा, त्यापुढे गेला की जोर वाया जातो. पाय मागे नेणारे फूटरेस्ट लावले की नेमका हाच कोन बिघडतो. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा नट सैल ठेवून ब्रेक दाबून धरा आणि मग घट्ट करा, शू मध्यावर येतात, फुकटात ब्रेक सुधारतो. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी बदला. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा.

एवढं झालं, गाडी महिनाभर त्याच कळकट अवतारात चालली, मग उघडा आणि रंगाकडे वळा. चेसिस, चिमटा (मागचं चाक धरणारा), स्टँड यांना पावडर कोटिंग, टाकी आणि साइड पॅनलला टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग, हे माझं मत. पावडर १८० ते २०० अंशाला भट्टीत भाजतात, साधी पुट्टी तिथे टिकत नाही, म्हणून टाकीला ते नको. पावडरला देताना बेअरिंगच्या जागा, सगळे आटे, इंजिन माउंटचे पृष्ठभाग झाकायला सांगा, आणि चेसिस नंबरही, जाड थराखाली नंबर वाचता येत नाही आणि घासून काढायला गेलात तर कागदपत्रांचा घोळ होतो. परत जोडताना अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून उघडं लोखंड करा. सुंदर रंगवलेली गाडी आणि एकही दिवा लागत नाही, अशा तक्रारीत मी पहिल्यांदा तिथेच हात घालतो. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा फुफ्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतो, कापडी मास्कने काही होत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम पेंटरकडेच द्या. क्रोमही घरी नाही, ती रसायनं घरात आणायची नाहीत. पण क्रोम सोलला नसेल, नुसते गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासा, बरंच निघतं.

शेवटी परत पहिल्या, कुरूप जोडणीकडे: तेव्हा पहिल्यांदा स्टार्ट करताना मूळ टाकी न लावता छोट्या बाटलीतून पेट्रोल द्या, ऑइलचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणे (जुन्या गाड्यांना २० ते २५ ला १ असं असतं), शेजारी आग विझवायचा सिलिंडर. हवा ओढून रेस वाढतच चालली तर टू-स्ट्रोक चावी बंद करूनही कधीकधी थांबत नाही, तेव्हा चोक पूर्ण लावा म्हणजे हवा बंद होईल, किंवा कार्बोरेटरचं तोंड जाड कापडाने दाबा. सुरुवातीला चालवताना एकाच वेगाने लांब पल्ला नको, रेस कमी-जास्त करत राहा, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी तशीच उतरू देऊ नका कारण तेव्हा पिस्टनला ऑइलच मिळत नाही, क्लच दाबा. प्लग काढून रंग बघत राहा, कॉफीसारखा तपकिरी चांगला, पांढरा दिसला तर तिथेच थांबा आणि आधी गळती शोधा, जेट नंतर. पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट मापाने परत कसा, स्पोक एकेक ठोकून आवाज ऐका, जो बद्द वाजतो तो सैल, आणि स्टिअरिंगचे कप एकदा तपासा, नवे छर्रे बसून थोडा खेळ येतोच.